पोस्टाची पावती

"किला गेटला जायला पासपोर्ट लागत नाही."

दादा असं म्हणाले आणि खोलीतली सगळी माणसं हसली. माझ्या हातात कचोऱ्यांची परात होती. ती तशीच धरून मी उभी होते.

मी काय विचारलं होतं? उद्या इटलीला परत निघायचंय, तर माझा पासपोर्ट द्या, बॅगेत नीट ठेवते. एवढंच. किला गेटला माझ्या आईचं घर. तिथून चालत किल्ल्याची चढण. दादांना म्हणायचं होतं, तुझी धाव तिथपर्यंतच.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात दादांच्या वडिलांचं घर आहे, खाली दुकानं आणि वर तीन खोल्या. त्या दिवशी नातेवाईक भेटायला आले होते. दादांची बहीण मोरारला राहते, तिला मी ताई म्हणायची. ती हसता हसता ठसकली. पाणी मीच दिलं.

मग दादांची बायको म्हणाली, अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं. तू उद्या आमच्याबरोबर येत नाहीयेस. तुझं तिकडचं राहण्याचं कार्ड संपलंय, नवीन अजून यायचंय. कार्ड नसताना विमानात बसलीस तर तिथल्या विमानतळावर पकडतील, कोठडीत टाकतील. कार्ड आलं की आम्ही बोलावून घेऊ. तोवर इथे बाबांजवळ राहा.

"मला तर माहीतच नाही पडलं," मी म्हणाले.

"माहीत नाही पडलं," वहिनींनी माझी नक्कल केली. "चार वर्षं आमच्या घरात राहून हिचं मराठी काही सुधारलं नाही."

परत हसले सगळे. मी कचोऱ्या वाढल्या. प्रत्येकाला दोन दोन. वहिनींना विचारलंसुद्धा, चटणी हवी का म्हणून. ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

आता कोण हे लोक आणि कोण मी, ते सांगते.

दादांचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराबरोबर आले. लिहिण्या-वाचण्याच्या कामावर. माझे पूर्वज फौजेबरोबर आले. घोड्यांमागे. दोघंही मराठी, दोघंही ग्वाल्हेरचे. पण त्यांचं मराठी पुस्तकातलं राहिलं आणि आमच्यात हिंदी मिसळली. दादांचे वडील वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. माझी आई त्यांच्याकडे तीस वर्षं भांडी घासायची. लहानपणी मी जिन्यात बसून अभ्यास करायची. जिन्यातच. वर बोलावलं तर झाडू हातात द्यायला. आमची जात त्या घरात कोणी कधी तोंडातून काढली नाही. कप वेगळा होता. खिडकीत, कानतुटका. तेवढं पुरायचं.

मी दहावी झाले. एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागले. पेशंटला उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. हे मला चांगलं येतं. दादा आणि वहिनी इटलीत नोकरीला, तोरीनो नावाच्या गावात. त्यांना दुसरं मूल झालं तेव्हा घरात बाई हवी होती. ओळखीची, मराठी बोलणारी, उलटून न बोलणारी. त्यांनी आईला विचारलं. कागद केले. मी गेले.

चार वर्षं. एकदाही घरी आले नाही. स्वयंपाकघराशेजारी इस्त्रीचं टेबल ठेवायची खोली, तीच माझी. दोन्ही पोरांना मी वाढवलं. भाषा मी बाजारात आणि बागेत शिकले. वहिनी दुकानात बोटाने दाखवायच्या, मी बोलायची. हे त्यांना आवडत नसे.

तिकडे परदेशी माणसाला राहण्याचं कार्ड असतं. आमचं दोन वर्षांचं. ते संपत आलं की पोस्टात जाऊन फॉर्म भरलेलं पाकीट द्यायचं. पोस्टातली बाई एक पावती देते आणि बरोबर एक कागद, ज्यावर पोलिसांच्या कचेरीत जायची तारीख छापलेली असते. त्या तारखेला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. मग काही आठवड्यांनी कार्ड. हे मी आधी दोनदा केलं होतं. पहिल्या वेळी माझे ठसेच उठेनात. भांड्यांच्या साबणाने बोटं गुळगुळीत झाली होती. पोलिसाने मला हाताला लावायला क्रीम दिलं आणि पुन्हा काच दाबायला लावली.

त्या वर्षी ग्वाल्हेरला यायच्या महिनाभर आधी आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईने तारखेभोवती पेनाने गोल केला आणि कागद माझ्याकडे वळवला. तारीख मंगळवारची होती. जानेवारीतला शेवटचा मंगळवार. मी वाचला. मग दादांनी कागद, पावती, जुनं कार्ड, सगळं फायलीत घातलं. म्हणाले, तुझ्याकडे हरवेल.

मिलानच्या विमानतळावर आणखी एक झालं. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट बघून दादांना विचारलं, "सोलो अंदाता?" म्हणजे फक्त जायचं तिकीट? दादा हो म्हणाले. मी ऐकलं. मला अर्थ कळला. पण मी स्वतःला समजावलं, की दुसऱ्या कुणाबद्दल असेल. चार वर्षांनी आई दिसणार होती. वाईट विचार करायचा नव्हता मला.

दिवाळीआधी वकीलसाहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. देखभालीला ठेवलेल्या दोन बायका त्यांच्या तोंडाला कंटाळून निघून गेल्या. हे सगळं मला इथे पोचल्यावर कळलं.

दादा, वहिनी आणि पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या गाडीत बसली. धाकटा रडत होता. मला स्टेशनवर येऊ दिलं नाही, वकीलसाहेबांजवळ कोण थांबणार म्हणून. निघताना दादा म्हणाले, तुझे कागद बाबांच्या कपाटात आहेत, सुरक्षित. मग म्हणाले, कपाटात आमच्या आईचे दागिनेही आहेत. चावी बाबांच्या उशीखाली असते.

हे मला का सांगितलं? त्या दिवशी कळलं नाही. नंतर रोज तेवढंच डोक्यात घोळायचं. वकीलसाहेबांची कूस मीच बदलायची. उशी मीच झटकायची. चावी हाताला लागायची, थंड. मी ती उचलून परत ठेवायची. उघडलं असतं तर पासपोर्ट माझा मिळाला असता आणि एखादी बांगडी माझ्या नावावर गेली असती. असं त्यांनी खरंच ठरवलं होतं का, देव जाणे. पण माणसाला चोर ठरवायची तयारी अशीच करतात. दवाखान्यात मी पाहिलं आहे.

दर दोन-तीन दिवसांनी मी वहिनींना फोन करायची. ठशांची तारीख कधीची आहे? त्या म्हणायच्या, अजून आलीच नाही. आली की सांगू. मी म्हटलं, वहिनी, कागदावर छापली होती. त्या म्हणाल्या, ती दुसरी कसली तरी. तुला काय कळतं त्यातलं.

दोन दिवस मी स्वतःवरच संशय घेतला. दुसरी कसली असेल? मी नीट वाचलं नसेल? चार वर्षं तुला काय कळतं ऐकलं की डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं वाटायला लागतं. मग एका दुपारी वकीलसाहेबांचे कपडे धुताना माझ्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांकडे. आणि एकदम डोक्यात आलं. ठसे माझे. ते माझ्याच बोटांवर आहेत. मी इथे असताना तिकडे कार्ड बनणार कसं? कार्ड आलं की बोलावू, म्हणत होते. मी गेल्याशिवाय कार्ड येणारच नव्हतं. आणि मी मंगळवारी तिथे नसले तर अर्जच बंद.

साबणाचे हात तसेच ठेवून मी मोरीत बसून राहिले. रडले नाही. फक्त एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तिकीट. तारीख. कपाट.

तोरीनोत आमच्याच जिन्यावर एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करणारी रोसा आहे. पेरू देशाची. बागेत आमची ओळख. मी तिला निरोप पाठवला, बोलूनच, कारण लिहिता तेवढं येत नाही. नवीन कार्ड हातात नसताना, नुसत्या पावतीवर परत येता येतं का? तिचं उत्तर लगेच आलं. येतं. ती स्वतः आईच्या मरणाला तशीच गेली होती आणि आली होती. पासपोर्ट, जुनं कार्ड आणि पावती, तीनही अस्सल हवेत. आणि मध्ये युरोपातल्या दुसऱ्या देशात विमान बदलायचं नाही. सरळ इटलीत उतरायचं.

मी तिच्यावरही भरवसा ठेवला नाही. खरं सांगते. मला वाटलं, हिला यात काय मिळणार? मी विचारलंच, तू मला का मदत करतेस? ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, मग मी सांगितलेलं मानू नकोस. आमच्याकडे परदेशी कामगारांना फुकट मदत करणारी एक कचेरी आहे, तिथे जाऊन विचारते आणि त्यांचंच बोलणं तुला ऐकवते. दोन दिवसांनी तिने ऐकवलं. कचेरीतल्या बाईंनी तेच सांगितलं. शिवाय म्हणाल्या, मालकाने कामावरून काढलं तरी कार्ड लगेच जात नाही, दुसरं काम शोधायला कायद्याने वेळ मिळतो. पण ठशांची तारीख चुकवू नको.

आणि रोसाने आणखी एक सांगितलं. तुझ्या खोलीत दुसरी बाई आली आहे. मी तिला जिन्यात भेटले.

पंधरा दिवस उरले होते.

मी आईकडे गेले. वकीलसाहेब दुपारी झोपतात तेव्हा मला दोन तास मिळायचे. सवारी टेंपोने किला गेट. आई दारात मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती मेथीच निवडत राहिली. तिला आश्चर्य वाटलं नाही. ते मला खटकलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "वहिनींनी पावसाळ्यातच फोन केला होता, मोठ्या पोराची शाळा सुरू झाल्यापासून तुझ्या जागी दुसरी बाई बघतायत म्हणून. मग साहेबांना झटका आला. तेव्हा म्हणाल्या, हिला इथेच ठेवू का? मी हो म्हटलं."

"मला न विचारता?"

"तू माझी मुलगी आहेस. डोळ्यांसमोर राहशील असं वाटलं. आणि त्यांना नाही कसं म्हणायचं?"

त्यांना नाही कसं म्हणायचं. तीस वर्षांचं तिचं आयुष्य त्या एका वाक्यात होतं. तिला मी हवी होते, हे मला समजत होतं. पण विकणारा आणि घेणारा दोघांनी बसून ठरवावं आणि दावणीला बांधलेल्याला विचारू नये, तसं झालं होतं. मी तिला तसं बोलले. ती रडायला लागली. मी तिला तसंच सोडून टेंपोत बसले. तिचे डोळे पुसले नाहीत. त्याचा मला अजून त्रास होतो, पण तेव्हा पुसले असते तर मी तिथेच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मी महाराज बाड्याच्या चौकात गेले. तिथे अर्ज टाइप करून देणारे बसतात. एकाला सांगितलं, पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज हवा, माझा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवलाय. त्याने विचारलं, "इटली कौन गया था?" मी म्हटलं, "मैं." त्याने माझ्या चपलांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. पुन्हा विचारलं, "आप?" मी म्हटलं, "हाँ, मैं. टाइप कीजिए." त्याने केला. दोन प्रती काढल्या. सही मी दोन्हींवर केली.

मग मी ताईंना फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी दहा वाजता या. मला बाहेर जायचंय, वकीलसाहेबांजवळ कुणीतरी पाहिजे. कुठे जायचंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठाण्यात.

त्या नऊलाच आल्या.

वकीलसाहेबांना मी आंघोळ घातली होती. दाढी केली होती. लापशी भरवली होती. काम अर्धवट टाकून मी भांडायला उभी राहिले नाही. मनात एकदा आलं होतं, की नाही घातली आंघोळ, नाही बदलली कूस, तर चावी आपोआप येईल. एका दिवसात येईल. पण ते मी केलं नाही. त्यांच्यासाठी नाही. माझे हात माझे आहेत, ते मी तसे वापरणार नव्हते.

अर्ज मी त्यांच्या समोर धरला. चष्मा लावून दिला. म्हातारा आयुष्यभर अर्जच वाचत आला होता. डोळा ओळीवरून सावकाश सरकत होता. शेवटपर्यंत वाचला. जीभ जड होती, पण शब्द समजायचे.

"कलम घातलेलं नाही," ते म्हणाले.

"नसू दे. खरं घातलंय."

ताई मध्ये बोलायला लागल्या. आमचंच खाऊन, आम्हीच परदेश दाखवला, घरच्यासारखं ठेवलं. बरंच काही. मी ऐकून घेतलं. मग मी म्हणाले, घरच्या कुणाचा पासपोर्ट तुम्ही कपाटात ठेवलाय का?

त्यांनी दादांना फोन लावला आणि फोन उशाशी ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दादा आधी समजुतीने बोलले. तुझ्या भल्यासाठी, विमानतळावर अडकशील, आम्ही जबाबदार नाही. मी म्हटलं, दादा, ठशांची तारीख कोणती? ते म्हणाले, अजून आलेली नाही. मी म्हटलं, माझ्या खोलीत कोण राहतं? ते म्हणाले, "तुला हे कोण शिकवतंय?"

हे मी विसरणार नाही. मला स्वतःहून कळू शकतं, असं त्यांना त्या क्षणीसुद्धा वाटलं नाही.

वकीलसाहेबांनी डाव्या हाताने फोन बाजूला सारला. ताईंना म्हणाले, "ठाण्यात नको. घराचं नाव आहे." आणि उशीखालची चावी काढून माझ्यापुढे धरली.

"मी घेणार नाही," मी म्हणाले. "ताईंना उघडू दे. मी कपाटाला हात लावणार नाही. मी इथे, दाराशी उभी राहते. तुम्ही दोघं बघा."

म्हाताऱ्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. लाज वाटली की राग आला, सांगता येणार नाही. अर्धा चेहरा हलत नव्हता.

ताईंनी कपाट उघडलं. खाकी पाकीट काढलं. आणि माझ्या दिशेने फेकलं. ते माझ्या पायांपासून हातभर अंतरावर जमिनीवर पडलं. पासपोर्टचा कोपरा बाहेर आला.

"घे," ताई म्हणाल्या. "आणि चालती हो."

मी खाली पाहिलं. कंबर वाकायलाच लागली होती. खरंच सांगते, सवयीने. त्या घरात वरून पडलेलं उचलायचं हे मला आईच्या पोटातूनच माहीत होतं. शिळी पोळी, जुनी साडी, परीक्षेत पास झाल्यावर मिळालेलं पेन. सगळं वरून, न शिवता, सोडलेलं. कंबर अर्धी वाकली आणि थांबली.

मी सरळ झाले.

"उचला," मी म्हणाले. "आणि हातात द्या."

ताईंना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हणाले, तेवढ्याच आवाजात. हातात द्या. खाली बाजारात कुणीतरी शटर वर ढकललं. आम्ही तिघं तशीच. मी जागची हलले नाही. दुपार झाली असती तरी हलले नसते.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "दे तिला."

ताई वाकल्या. पाकीट उचललं. माझ्या हातात दिलं. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी तिथेच उभं राहून एकेक कागद तपासला. पासपोर्ट. संपलेलं कार्ड. पावती, शिक्क्यासकट. आणि तो दुसरा कागद. तारखेभोवती पेनाचा गोल. मंगळवार. मी तो ताईंपुढे धरला आणि म्हटलं, ही बघा न आलेली तारीख. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिकीट मी स्वतः काढलं, सरळ मिलानचं. आईला सांगितलं. ती स्टेशनवर आली नाही.

दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरचा माणूस पावती उलटीपालटी करून बघत होता. "ये क्या है? पोस्ट ऑफिस की रसीद?" मी सांगितलं. त्याने आणखी एकाला बोलावलं. दोघांनी माझ्याकडे बघून आपापसात काही म्हटलं. मला म्हणाले, बाजूला उभ्या राहा. माझ्या मागचे कोटवाले साहेब पुढे गेले, त्यांच्या मागचंही कुटुंब गेलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. माझ्या अंगावरची साडी आणि माझं हिंदी ऐकून यांनीही काहीतरी ठरवलंच होतं. मी बाजूला गेले नाही. म्हटलं, "मैं यहीं खड़ी हूँ. जिसको फ़ोन करना है, कीजिए." त्यांनी केला. कुठेतरी विचारलं, मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडून बाई इटालियनमध्ये बोलली. मी उत्तरं दिली. कुठे राहते, ठशांची तारीख कधी, पावती कुठल्या पोस्टाची. काउंटरवरचे दोघं ऐकत राहिले. बोर्डिंग पास देताना तो माणूस "मॅडम" म्हणाला. त्या शब्दाने मला आनंद झाला नाही. अर्ध्या तासापूर्वी मी तीच होते.

मंगळवारी मी कचेरीत हजर होते. ठसे दिले. कार्ड आलं. त्या कचेरीतल्या बाईंच्या मदतीने म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम मिळालं. दादांनी कागदोपत्री मी स्वतःहून काम सोडल्याचं लिहिलं होतं. त्याविरुद्ध मी तक्रार दिली आहे. ती चालू आहे. त्यांनी दोनदा निरोप धाडला, मागे घे म्हणून. घेतलेली नाही.

आता पुन्हा कार्ड नूतनीकरणाला आहे. तरी मी ग्वाल्हेरला आले, आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. येताना मदत कचेरीत नियम बदलला नाही ना, ते विचारलं. मग विमान कंपनीला विचारलं. मग विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या पोलिसाला विचारलं. तिघांचं उत्तर एक आलं तेव्हाच निघाले. एकाच्या सांगण्यावर मी आता रस्तासुद्धा ओलांडत नाही.

वकीलसाहेब गेल्या वर्षी वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला दादा आणि वहिनी दौलतगंजात आले आहेत. काल ताईंचा आईला फोन आला. तिला सांगा, झालं गेलं विसरून ये, स्वयंपाकाला चार हात लागतील, बाबांच्या फोटोला नमस्कारही होईल. आई मला म्हणाली, "जाऊन ये एकदा. पाया पड. मोठी माणसं आहेत."

मला त्या निरोपात नमस्कार दिसत नाही. तक्रार दिसते. मला समोर बसवतील, गोड बोलतील, दहा माणसांसमोर एखादा कागद पुढे करतील. नसतीलही करणार. पण तपासायला म्हणूनसुद्धा मी त्या जिन्यात जाणार नाही.

आई आज सकाळी दौलतगंजात गेली. डोळ्याला हिरवा चष्मा लावून, टेंपोत बसून. मी अडवलं नाही. टेंपो वळेपर्यंत दारात उभी राहिले.

आईच्या वतीने मी नाही म्हणू शकत नाही. माझं मी म्हटलेलं आहे. ज्यांनी माझे कागद लपवले त्यांच्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही, कप कोणताही असो. तक्रारीची तारीख लागेल तेव्हा मी हजर राहीन. तिथे मला विचारतील, तुला कोणी फसवलं. मी दादांचं पूर्ण नाव घेईन, बापाच्या नावासकट. माझ्या तोडक्या मराठीत, माझ्या हिंदीत आणि त्यांच्या इटालियनमध्ये. सावकाश सांगेन, लिहिणाऱ्याला एक अक्षरही चुकवू देणार नाही.